बेथलेहेमचा भाषांतरकार

युरोपांतील जुन्या चित्रकारांनीं काढलेलें एक चित्र आमच्या पुष्कळ वाचकांनीं पुस्तकांतून पाहिलें असेल. दाढी वाढलेला एक वृद्ध मनुष्य मेजापाशीं वांकून लिहीत बसला आहे. भिंतीवर रुंद कांठाची टोपी टांगलेली आहे. जवळच एक कवटी आहे, आणि पुढें एक सिंह घरच्या मांजराप्रमाणें निजला आहे. जर्मन चित्रकार ड्युरर ह्याचें १५१४ सालचें चित्र ह्या विषयावर विशेष प्रसिद्ध आहे. तो वृद्ध म्हणजे संत जेरोम. सिंहाची गोष्ट मात्र त्याची नव्हे. ती पॅलेस्टाइनांतील गेरासिमस नांवाच्या दुसऱ्याच एका संन्याशाची असून नामसादृश्यामुळें जेरोमच्या पदरीं पडली. टोपीहि त्याची नव्हे, कारण कार्डिनलांची ती टोपी त्याच्या मागून आठशें वर्षांनीं प्रचारांत आली. मेज, पुस्तक आणि वांकलेली मान एवढेंच काय तें खरें.

त्या मेजावर जें काम झालें त्याचें महत्त्व ध्यानीं येण्यास आपणांस जेरोमच्या पूर्वीं सहाशें वर्षें जाऊन मिसर देशांतील आलेक्झांड्रिया शहर पाहिलें पाहिजे. तेथें यहूदी लोकांची मोठी वस्ती होती. पिढ्यान् पिढ्या परमुलखांत राहिल्यामुळें त्यांच्या मुलांस इब्री समजेनाशी झाली व ग्रीक हीच त्यांची घरची भाषा झाली. तेव्हां इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांत मोशेच्या पांच पुस्तकांचें ग्रीक भाषांतर झालें, आणि पुढें बाकीचीं पुस्तकेंहि एकामागून एक त्या भाषेंत आलीं. ह्याविषयीं आख्यायिका अशी कीं, टॉलेमी फिलाडेल्फस राजानें आपल्या ग्रंथालयासाठीं यरुशलेमाहून प्रत्येक वंशांतले सहा असे बहात्तर वडील बोलाविले, आणि फारोस बेटावर बसून त्यांनीं बहात्तर दिवसांत काम पुरें केलें. मागाहून तींत अशी भर पडली कीं, त्यांस निरनिराळ्या खोल्यांत बसविलें असतां सर्वांचीं भाषांतरें अक्षरशः एक निघालीं. ह्यावरूनच ह्या ग्रंथास सत्तरांचें भाषांतर असें म्हणूं लागले.

ख्रिस्ती मंडळी जन्मली तेव्हां ग्रीक बोलणाऱ्या सर्व शहरीं तिच्या हातीं जें शास्त्र होतें तें हेंच. प्रेषितांच्या पत्रांत जुन्या करारांतील वचनें येतात तीं पुष्कळदां ह्याच भाषांतरावरून घेतलेलीं आहेत. आतां भाषांतर म्हटलें म्हणजे एका शब्दाच्या जागीं दुसरा शब्द येणार, आणि तो दुसरा शब्द आपलें गणगोत बरोबर घेऊन येणार. यहूदी लोक देवाचें पवित्र नाम उच्चारीत नसत. त्याच्या जागीं ते प्रभु ह्या अर्थाचा शब्द वाचीत. ग्रीकमध्यें तो 'क्युरिओस' झाला. येशूचे अनुयायी येशूलाहि क्युरिओस म्हणत. म्हणून योएल संदेष्ट्यानें परमेश्वराच्या नामाविषयीं जें लिहिलें होतें तें रोमकरांस पत्र लिहितांना पौलानें येशूस लाविलें. 'मशीहा' म्हणजे अभिषेक झालेला. त्याचें ग्रीक 'ख्रिस्तोस' झालें, आणि आमच्या धर्माचें नांवच त्या भाषांतरित शब्दावरून पडलें. देवानें अब्राहामाशीं केलेल्या करारास इब्रींत 'बरीथ' म्हणतात. त्याच्यासाठीं ग्रीक भाषांतरकारांनीं जो शब्द योजिला त्याचा व्यवहारांतील अर्थ मृत्युपत्र असा होता. मृत्युपत्र तें करणाराच्या मरणानंतरच अंमलांत येतें, ह्या गोष्टीवर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या कर्त्यानें ख्रिस्ताच्या मरणाविषयींचा एक युक्तिवाद उभारिला आहे. तो इब्री शब्दावर उभा राहिला नसता. मराठींत आपण जुना करार म्हणतों तेव्हां इब्री अर्थाकडे परत गेलेलों असतों. इंग्रजी नांवांत अद्याप मृत्युपत्रच आहे.

ह्याहून मोठें एक उदाहरण आहे. परराष्ट्रीय लोकांस सुंतेवांचून मंडळींत घ्यावें किंवा नाहीं, ह्या प्रश्नावर यरुशलेमांत जी सभा भरली तिचा वृत्तांत प्रेषितांच्या कृत्यांच्या १५ व्या अध्यायांत आहे. तेथें याकोबानें आमोस संदेष्ट्याचा आधार घेतला आहे. आपल्या हातीं असलेल्या इब्री पाठांत आमोसाचें म्हणणें असें कीं, दावीदाचा पडलेला मंडप पुन्हां उभा राहील व इस्राएल अदोमाच्या उरलेल्या लोकांस ताब्यांत घेईल. सत्तरांच्या ग्रीक भाषांतरांत ह्याच्या जागीं, उरलेलीं सर्व मनुष्यें देवाचा शोध करतील, असा अर्थ आहे. इब्रींत त्या काळीं स्वरांचीं चिन्हें नसत. अदोम आणि आदाम, म्हणजे मनुष्य, हे शब्द जवळजवळ सारखेच दिसत, आणि ताब्यांत घेणें व शोधणें ह्या क्रियापदांतहि एका अक्षराचाच फरक. कृत्यांच्या पुस्तकांत याकोबाच्या मुखीं जो पाठ आहे तो ग्रीक भाषांतराचा आहे, आणि त्याच्या बळावर परराष्ट्रीयांस दार मोकळें झालेलें तेथें दाखविलें आहे. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक त्या उरलेल्या मनुष्यांतच मोडतों. तेव्हां त्या दोनतीन अक्षरांशीं आमचाहि संबंध पोहोंचतो.

असें हें भाषांतर मंडळीच्या हाडींमांसीं खिळलें होतें. त्यांत देवाचा हात आहे, अशी थोरथोर आचार्यांची श्रद्धा होती. पश्चिमेकडील लॅटिन बोलणाऱ्या मंडळ्यांचें शास्त्र तर ह्या भाषांतराचेंहि भाषांतर होतें, आणि त्याच्या हस्तलिखितांत इतके भेद पडले होते कीं, जितक्या प्रती तितके पाठ, अशी जेरोमची तक्रार असे. ह्या सर्वांच्या पलीकडे जाऊन मूळ इब्रीपर्यंत पोहोंचण्याचें साहस ज्यानें केलें, त्याचें चरित्र आतां सांगतों.

जेरोमचा जन्म इ. स. ३४७ च्या सुमारास, दाल्मातिया आणि पान्नोनिया ह्या प्रांतांच्या सीमेवरील स्त्रीदोन गांवीं झाला. तें गांव पुढें गॉथ लोकांनीं उद्ध्वस्त केलें, आणि त्याची नेमकी जागा विद्वानांस अजून ठरवितां आलेली नाहीं. बाप ख्रिस्ती व खाऊनपिऊन सुखी होता. त्यानें मुलास विद्येसाठीं रोमास पाठविलें. तेथें दोनातस नांवाचा नामांकित व्याकरणपंडित त्यास गुरु मिळाला. रविवारीं सोबत्यांबरोबर जमिनीखालील भुयारांत उतरून, दोहों बाजूंस भिंतींत पुरलेल्या रक्तसाक्ष्यांच्या कबरींमधून अंधारांत वाट काढीत हिंडणें, ही ह्या विद्यार्थ्याची करमणूक होती. रोमांतच त्याचा बाप्तिस्मा झाला. पुस्तकांचा त्यास इतका नाद कीं, स्वतःच्या हातानें उतरून त्यानें मोठा संग्रह केला, आणि घरदार सोडून पूर्वेकडे निघाला तरी तो संग्रह त्याला सोडवेना.

इ. स. ३७४ च्या सुमारास तो अंत्युखियास तापानें आजारी पडला. त्या तापांत त्यास असें स्वप्न पडलें कीं, आपणांस न्यायासनापुढें ओढून नेलें आहे. आपण ख्रिस्ती आहों असें सांगतांच न्यायाधीश म्हणतो कीं, तूं ख्रिस्ताचा नव्हेस, सिसरोचा आहेस. आणि फटके बसूं लागतात. पुन्हां ऐहिक ग्रंथ हातीं धरणार नाहीं, अशी शपथ घेतल्यावर सुटका झाली. शपथ किती पाळली हें त्याच्या पुढील लिखाणांत पानोपानीं डोकावणारा सिसरोच सांगतो, आणि त्याच्या शत्रूंनीं हें त्यास ऐकविल्याशिवाय ठेविलें नाहीं.

पुढें सीरियांतील खल्किस नामक अरण्यांत तो कांहीं वर्षें तपश्चर्या करीत राहिला. शरीर उपाशी असलें तरी मन रोमच्या विलासांकडे धांवे. त्यास लगाम घालावा म्हणून त्यानें, ख्रिस्ती झालेल्या एका यहूदी संन्याशाजवळ इब्री भाषेचा धडा घेण्यास आरंभ केला. सिसरोच्या गोड वाणीवर पोसलेल्या कानांस तीं घशांतून काढावयाचीं अक्षरें कशीं लागलीं असतील! किती वेळां त्यानें निराश होऊन पुस्तक मिटलें व किती वेळां पुन्हां उघडलें, हें त्यानें म्हातारपणीं एका पत्रांत लिहून ठेविलें आहे. संस्कृताचीं रूपें पाठ करितांना कपाळास आठ्या घालणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, त्या काळीं इब्रीचें व्याकरण किंवा कोश लिहिलेलाच नव्हता. जें शिकावयाचें तें गुरूच्या मुखांतून.

इ. स. ३८२ मध्यें तो रोमास परत आला आणि पोप दामासस ह्याचा चिटणीस झाला. शुभवर्तमानांचा लॅटिन पाठ ग्रीकशीं ताडून शुद्ध करण्याचें काम पोपनें त्याजवर सोंपविलें व तें ३८४ मध्यें पुरें झालें. ह्याच काळांत रोमांतील कांहीं कुलीन स्त्रिया त्याच्याजवळ शास्त्र शिकूं लागल्या. त्यांत पाउला नांवाची एक श्रीमंत विधवा व तिची कन्या युस्तोखियम ह्या मुख्य होत्या. पाउलाबाईची दुसरी मुलगी ब्लेसिला ही तरुण वयांत, कडक उपासतापास करीत असतां, मरण पावली. लोकांनीं दोष जेरोमवर ठेविला. आमच्या मतें तो दोष अगदींच निराधार नव्हता. आणि आईनें इतका शोक करूं नये, म्हणून त्यानें तिला जें पत्र लिहिलें तें वाचून आजहि मन कष्टी होतें. त्याच वर्षाच्या शेवटीं दामासस वारला. जेरोमच्या जिभेनें दुखविलेले लोक शहरांत थोडे नव्हते. ३८५ मध्यें त्यास रोम सोडावें लागलें. मागोमाग पाउला व युस्तोखियम ह्याहि निघाल्या. लहान मुलगा किनाऱ्यावर हात पसरून रडत असतां आईनें तोंड फिरविलें, असें जेरोम मोठ्या अभिमानानें सांगतो. तो अभिमान आमच्यानें वांटून घेववत नाहीं.

इ. स. ३८६ मध्यें तीं बेथलेहेमास स्थायिक झालीं. पाउलाबाईच्या पैशानें पुरुषांसाठीं एक, स्त्रियांसाठीं तीन मठ, व यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा उभी राहिली. ह्या बाईनें पैसाच पुरविला असें नव्हे. ती व तिची कन्या दोघीहि इब्री शिकल्या, आणि लॅटिनची छटासुद्धां न येऊं देतां स्तोत्रें इब्रींतून गात. अवघड जागीं ती जेरोमला अडवी आणि समाधान झाल्याशिवाय पुढें जाऊं देत नसे. आमच्याकडे पंडिता रमाबाई ह्यांनीं केडगांवीं, १९२२ सालीं देह ठेवण्यापूर्वीं, मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून सबंध शास्त्राचें मराठी भाषांतर केलें, हें वाचकांस ठाऊक आहेच. त्या मार्गावर पंधराशें वर्षांपूर्वीं ह्या दोघी मायलेकी चालल्या होत्या.

बेथलेहेमांत जेरोमनें पुन्हां गुरु केला. बारानिनास नांवाचा हा यहूदी पंडित त्यास रात्रीं शिकविण्यास येई, कारण दिवसां आला तर त्याचेच लोक त्याच्यावर उठते. फीहि त्यास भरपूर द्यावी लागे. जेरोमच्या ग्रंथांत यहूद्यांविषयीं कटु शब्द जागोजाग आहेत आणि ते वाचण्यास लाज वाटावी असे आहेत; तथापि जें काम त्याच्या नांवावर आहे तें यहूदी गुरूंवांचून झालेंच नसतें. कैसरियाच्या ग्रंथालयांत ओरिजेन ह्या आचार्यानें तयार केलेला एक प्रचंड ग्रंथ होता. त्यांत इब्री पाठ, त्याचाच ग्रीक अक्षरांतील उच्चार, आणि चार ग्रीक भाषांतरें शेजारीं शेजारीं रकान्यांत मांडलेलीं होतीं. जेरोमनें तोहि पाहिला. आरंभीं त्याचा बेत सत्तरांच्या आधारानेंच लॅटिन पाठ सुधारण्याचा होता, आणि स्तोत्रें त्यानें तशीं सुधारलींहि. पण रकाने ताडून पाहतां पाहतां त्याची खात्री झाली कीं, ओढ्याचें पाणी गाळीत बसण्यापेक्षां झऱ्यापाशीं जावें. इ. स. ३९० च्या सुमारास त्यानें इब्रीवरून भाषांतरास आरंभ केला व पंधरा वर्षांत तें तडीस नेलें. कांहीं पुस्तकांवर वर्षें गेलीं. शलमोनाचीं तीन पुस्तकें तीन दिवसांत झालीं, आणि तोबीताचें एका दिवसांत. निरनिराळ्या खोल्यांची आख्यायिका त्यानें साफ खोटी ठरविली. संदेष्टा निराळा आणि भाषांतरकार निराळा, असें त्याचें मत होतें.

ह्यावर जें वादळ उठलें त्याचें स्वरूप एका लहानशा गोष्टींत दिसतें. आफ्रिकेंत ओइया, म्हणजे हल्लींचें त्रिपोली, येथील बिशपनें उपासनेंत योनाचें पुस्तक जेरोमच्या नव्या भाषांतरांतून वाचविलें. योनावर सावली धरणारी जी वनस्पति देवानें उगवविली, तिला जुन्या लॅटिन पाठांत भोपळ्याचा वेल म्हटलें होतें. जेरोमनें आयव्ही नांवाचा वेल लिहिला. लहानपणापासून कानांत बसलेला शब्द बदललेला ऐकतांच मंडळींत, विशेषतः ग्रीक लोकांत, गलका झाला. बिशपनें तेथील यहूद्यांस विचारलें. त्यांनीं जुनेंच बरोबर असें सांगितलें. शेवटीं मंडळी हातची जाऊं नये म्हणून बिशपास शब्द बदलावा लागला. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन ह्यानें ४०३ मध्यें ही हकीकत जेरोमला कळविली. जेरोमनें उत्तर दिलें कीं, मूळ शब्द 'किकायोन' असून ती पॅलेस्टाइनच्या वाळवटांत झपाट्यानें वाढणारी, रुंद पानांची, स्वतःच्या बुंध्यावर उभी राहणारी वनस्पति आहे. तिला लॅटिनमध्यें नांव नाहीं, म्हणून एका प्राचीन भाषांतरकारास अनुसरून वेलाचें नांव घातलें. वर्णनावरून ही वनस्पति एरंड असावी असें पुष्कळ विद्वान मानतात. म्हणजे आमच्या शेताच्या बांधावरच्या एरंडासाठीं आफ्रिकेंत भांडण झालें!

ऑगस्टीनचें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. लॅटिन मंडळ्या एक वाचूं लागल्या आणि ग्रीक मंडळ्या दुसरें, तर दोघींत फूट पडेल; आणि संशय आला तर निवाडा कोण करणार? इब्री जाणणारा ख्रिस्ती एकटा जेरोम. बाकी सर्वांस यहूद्यांच्या दारीं जावें लागेल. शिवाय ज्या भाषांतरावर प्रेषितांनीं भिस्त ठेविली, त्यास चुकीचें म्हणणें म्हणजे कोणास चुकीचें म्हणणें झालें? ऑगस्टीनचें एक पत्र वाटेंत चुकून जेरोमला मिळण्यापूर्वींच रोमांत लोकांच्या हातीं पडलें, त्यामुळें तो आधींच संतापला होता. तरुणपणाचा मित्र रुफिनस हा तर उघड वैरी झाला, आणि त्याच्या निधनानंतरहि जेरोमची लेखणी थांबली नाहीं. ऑगस्टीनशीं मात्र पुढें सलोखा झाला. त्याचें श्रेय आम्ही ऑगस्टीनच्या सोशिकपणास देतों.

जेरोम मूळ इब्रीकडे गेला, तरी मागचें सर्व त्यानें टाकून दिलें असें नाहीं. यशयाच्या ७ व्या अध्यायांत 'अल्मा' हा शब्द आहे. हल्लींचे इब्रीचे जाणते त्याचा अर्थ सामान्यतः तरुण स्त्री असा करितात. सत्तरांनीं तेथें कुमारी ह्या अर्थाचा शब्द घातला होता, आणि मत्तयानें तोच घेतला. यहूद्यांचा आक्षेप जेरोमला पूर्ण ठाऊक होता. तरी त्यानें कुमारी हाच शब्द ठेविला व त्याच्या समर्थनार्थ व्युत्पत्तीहि लढविली. आम्हांस वाटतें कीं, येशूच्या जन्माविषयींचा विश्वास त्या एका शब्दांतून निघाला नाहीं. पण त्या विश्वासास संदेष्ट्याचा आधार मिळाला तो त्या ग्रीक शब्दामुळें. उलटपक्षीं, सीनाय पर्वतावरून उतरतांना मोशेचा चेहरा तेजस्वी झाला, तेथें इब्री क्रियापदाचें शिंग ह्या शब्दाशीं नातें असल्यामुळें जेरोमनें शिंगांचा उल्लेख केला. रोमांत मिकेलांजेलोनें घडविलेल्या मोशेच्या मूर्तीस जीं शिंगें आहेत तीं ह्यामुळें.

यहूद्यांच्या शास्त्रांत जीं पुस्तकें नाहींत, पण ग्रीक संग्रहांत आहेत, त्यांवर धर्ममत उभारूं नये, असें जेरोमनें प्रस्तावनांत लिहिलें. हजार वर्षांनीं धर्मसुधारकांनीं तें उचललें. ट्रेंटच्या परिषदेनें १५४६ मध्यें जेरोमच्या नांवें चालणारा पाठ प्रमाण ठरविला, आणि त्याच वेळीं जेरोमला अमान्य असलेलीं तीं पुस्तकें शास्त्रांत कायम केलीं. आमच्या शाळेंत एकाच बांकावर बसणाऱ्या रोमन कॅथोलिक व प्रॉटेस्टंट मुलांच्या हातांतील शास्त्रांत पुस्तकांची संख्या सारखी नसते, त्याचें मूळ असें आहे.

मूळ इब्री तेंच सर्वत्र खरें, ही त्याची खात्रीहि पूर्णपणें टिकली नाहीं. १९४७ पासून मृतसमुद्राकांठच्या गुहांत जीं हस्तलिखितें सांपडलीं, त्यांत यिर्मयाच्या पुस्तकाचे कांहीं इब्री तुकडे असे आहेत कीं, ते सत्तरांच्या आंखूड ग्रीक पाठाशीं जुळतात. ज्यांस तो चुकलेले समजत होता, त्यांच्यापुढें कांहीं ठिकाणीं निराळें पण अस्सल इब्री शास्त्रच होतें. हें त्यास कळण्याचा मार्ग नव्हता.

त्याचे शेवटले दिवस दुःखांत गेले. ४०४ मध्यें पाउलाबाई वारली. तिची सारी संपत्ति दानधर्मांत संपून कन्येच्या माथीं कर्ज राहिलें होतें. ४१० मध्यें गॉथ लोकांनीं रोम लुटलें, आणि एके काळचे धनाढ्य लोक अन्न मागत बेथलेहेमच्या दारीं आले. तेव्हां यहेज्केलावरील टीका बाजूस ठेवून तो त्यांच्या सेवेस लागला. ४१६ मध्यें एका टोळीनें मठांवर हल्ला करून आग लाविली. एक डीकन मारला गेला व जेरोम एका बुरुजाच्या आश्रयानें वांचला. पुढें त्याच्या हयातींतच युस्तोखियमहि गेली. परंपरेप्रमाणें ३० सप्टेंबर ४२० रोजीं बेथलेहेमांत त्याचा अंत झाला.

त्याचें भाषांतर लोकांच्या पचनीं पडण्यास कित्येक शतकें लागलीं, पण हळूहळू सर्व पश्चिम युरोपानें तें घेतलें, आणि गुटेनबर्गच्या छापखान्यांतून पंधराव्या शतकांत जें पहिलें मोठें पुस्तक बाहेर पडलें तें हेंच. स्तोत्रसंहितेचें मात्र तसें झालें नाहीं. जेरोमनें इब्रीवरून केलेलें स्तोत्रांचें भाषांतर त्याच्या उत्तम कामांपैकीं गणलें जातें. तरी लोकांनीं उपासनेंत तें घेतलें नाहीं. रोज सकाळसंध्याकाळ तोंडीं बसलेलीं, सत्तरांच्या ग्रीकवरून आलेलीं जुनींच स्तोत्रें ते गात राहिले, आणि लॅटिन शास्त्राच्या प्रतींतहि बहुधा तींच उतरलीं गेलीं.